बाल्कनीची खोली घ्यावी का

प्रवास कंपनीच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या भांडारात सलाइनची खोकी उतरवून घेत होते. लातूरच्या त्या दवाखान्यात भांडाराचं काम माझ्याकडे असल्याला बरीच वर्षं झाली आहेत. फोन खांद्याला लावून खोकी बघायची सवय आहे.

"मॅडम, तुमचं जहाजाचं बुकिंग आतल्या खोलीचं आहे. थोडे पैसे वाढवले तर बाल्कनीची खोली मिळेल. परवा संध्याकाळपर्यंत कळवा."

"ती खोली कितव्या मजल्यावर? लिफ्टपासून किती लांब? बाथरूमला उंबरा आहे का?"

मग ती म्हणाली, "मॅडम, समुद्र दिसतो."

मी परवापर्यंत कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. वाढीव रक्कम तिनं सांगितली होती. तेवढ्यात आमच्या गच्चीवर आणखी एक मोठी पाण्याची टाकी बसली असती, पाइपासकट. लातुरात त्या दिवसांत आम्ही सगळे खर्च टाक्यांमध्येच मोजायचो.

जहाजाचं तिकीट खरं तर माझं आणि ह्यांचं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेलं: मुंबईहून गोव्याला आणि परत, तीन रात्री. तिकीट काढलं तेव्हा पाऊस बरा होईल असं वाटत होतं. तो झाला नाही. रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष मागे पडलं होतं, पण नळ पुन्हा आठ-दहा दिवसांवर गेला. कधी पंधरा. येणार कधी ते कुणाला माहीत नसायचं, त्यामुळं घरात एक माणूस कायम हवं. आणि घरात आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना एकट्या ठेवून दोघांनी जाणं शक्य नव्हतं. ह्यांनी एका संध्याकाळी जेवताना प्रश्न सोडवून टाकला.

"तू आन् आई जा. नळाला मी हाय."

"आणि लग्न माझं आणि आत्यांचं झालंय का?"

"पंचवीस वर्षं एका घरात तुम्हीच दोघी जास्त राहिलाय," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तिकिटावरचं नाव बदलून घेतलं.

आत्यांबद्दल सांगायला हवं, कारण बाल्कनीचा प्रश्न त्यांच्यापाशीच येऊन थांबतो.

त्या मूळच्या देगलूरकडच्या, म्हणून थोडं तेलुगू येतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या शिरूर अनंतपाळच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. पुढं त्या वाटेनं एसटीतून कधी गेलो की खिडकीतून बोट दाखवायच्या, "ह्यात माझी खडी हाय." सासरे सरकारी कचेरीत शिपाई होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांची बदली उस्मानाबादहून इकडं झाली. नव्या जिल्ह्यात साहेब, कारकून, शिपाई सगळे एकदम आलेले आणि घरं कुठंच नाहीत. सासरे कचेरीच्या व्हरांड्यात झोपायचे. आत्या काखेत धाकटं पोर घेऊन गल्ल्या-गल्ल्या फिरल्या, दारं ठोकली आणि घर मिळवलं. आम्ही आजही त्याच गल्लीत राहतो. माझं लग्न होऊन मी जळकोटहून आले तेव्हा बाजारात मला त्यांच्या मागं पळावं लागायचं.

रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी गल्लीत टँकर यायचा. आमच्याकडं टँकरचा नंबर माणसानं नाही, भांड्यानं लागतो. पहाटे आपली घागर रांगेत ठेवायची आणि घरी जायचं. घागर आहे तिथं नंबर आहे. कुणी ती हलवली तर भांडण, आणि त्या भांडणात सगळी गल्ली घागरीच्या बाजूनं. आत्यांची निळी घागर कायम पहिली असायची. स्वतःची ठेवून झाली की शेजारच्या बाळंतिणीची, समोरच्या म्हाताऱ्या मास्तरांची, अशा दोन-चार घागरी त्या मांडून यायच्या. एके दिवशी टँकरचा पाइप सुटला, चिखल झाला, मागून रेटा आला आणि आत्या पडल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर आमच्याच दवाखान्यातले. त्यांनी सांगितलं, चालायचं, रोज चालायचं, आधी वॉकर, मग काठी. आत्या वॉकरवरून काठीवर आल्यासुद्धा. आणि तिथंच थांबल्या.

याला कारण खिडकी. म्हणजे माझं मत तसं आहे. घरी आणल्यावर त्यांना करमावं म्हणून मीच त्यांची बाज पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लावली. कल्पना फार चांगली होती, सगळ्यांनी कौतुक केलं. हळूहळू सगळं खिडकीत यायला लागलं. भाजीवाली खिडकीत, शेजारणी खिडकीत, गॅसवाला खिडकीत. आत्यांचा एक नेम आहे: सूर्याला हात जोडल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. पूर्वी त्यासाठी अंगणात जायच्या. आता खिडकीच्या गजाला धरून मान बाहेर काढली की समोरच्या घराच्या कठड्यावर सूर्य दिसायचा. मग चालायचं कशाला? "आज चालू या का कोपऱ्यापर्यंत?" म्हटलं की, "बाहेर काय हाय? सगळं इथनं दिसतंय की." वर्ष गेलं, दुसरं सुरू झालं. पाय बरा होता, डॉक्टर म्हणत होते. उंबरा ओलांडायची त्यांची सवय तेवढी गेली होती. ह्यांना ते म्हातारपण वाटायचं. मला भीती वाटायची की आणखी सहा महिन्यांनी खरोखरच चालता येणार नाही.

म्हणून बाल्कनीचा फोन आला त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो पैशांचा नव्हता. मला दिसलं ते असं: बाल्कनीत खुर्ची, खुर्चीत आत्या, समोर समुद्र, आणि तीन दिवस "सगळं इथनं दिसतंय की." जेवणसुद्धा खोलीत मागवता येतं म्हणे. घरची खिडकी मी पैसे भरून जहाजावर नेणार होते.

आतल्या खोलीत मात्र काहीच दिसत नाही. सूर्य बघायचा तर बाहेर पडावं लागेल, डेकवर जावं लागेल. सूर्य बघितल्याशिवाय चहा नाही, आणि चहाशिवाय आत्या नाहीत.

तरी मी दोन्ही बाजू नीट मांडल्या, सवयीनं. आतली खोली जहाजाच्या मधोमध, तिथं कमी हलतं. लिफ्ट जवळ. रात्री अंधार पूर्ण, झोप चांगली. बाल्कनीची खोली टोकाला, पण ऐसपैस, काठी घेऊन वळायला सोपी, हवा मोकळी. रात्री तीनच, त्यातला खोलीत जागेपणी घालवायचा वेळ थोडा. ज्यांना खोलीतच बसायचं आहे त्यांनी बाल्कनीचे पैसे द्यावेत. आम्हाला खोलीत बसायचंच नव्हतं. मला तरी.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. फक्त आत्यांच्या खिडकीचं सोडून. हे ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "खिडकीचं म्हणतीस ना तू?"

"हो."

"आईला सांगू नको. चिडंल."

आत्यांना मी एवढंच सांगितलं की खोली बिनखिडकीची आहे.

"बिनखिडकीची? कणगीत घालून नेणार व्हय मला?"

"झोपायलाच तर जायचं आत."

"ज्वारी पण झोपायलाच जाती कणगीत."

माझी धाकटी नणंद अर्धापूरला दिलेली आहे. त्यांच्या केळीच्या बागा आहेत. तिला ही बातमी आईकडून त्याच संध्याकाळी कळली आणि फोन आला.

"वहिनी, आईला कोंडून नेऊन राहिल्या म्हणं तुम्ही?"

"कोंडून नाही गं. खोली आतली आहे, एवढंच."

"माणूस समुद्र बघायला जातंय आन् खोलीला खिडकी न्हाई. थेटरात जाऊन डोळे मिटल्यावानी झालं हे."

"पैसे बरेच वाढतात."

"पैसे मी देते. यंदा केळीला भाव हाय. बोला आता."

पैशांचं कारण असं एका वाक्यात संपलं. मग मी लिफ्टचं सांगितलं, हलण्याचं सांगितलं. दोन्ही खरं होतं. पण कारण ते नव्हतं, आणि नणंद काही खुळी नाही. ती म्हणाली, "बरं. तुम्ही रोजचं करता तिचं, मी काय बोलू. पण आई दमली, घाबरली तर मला फोन करा. मी तिकडच्या तिकडं पैसे भरते." तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. त्याचं मला जास्त लागलं.

ठरलेल्या संध्याकाळी मी प्रवास कंपनीला कळवलं: नको.

लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून टॅक्सीनं बंदर. आत्यांना जहाजात चढवायला जहाजवाल्यांची चाकाची खुर्ची आली. त्यात बसून आत्या सगळीकडं बघत होत्या. खोली मात्र त्यांना बघितल्याबरोबर मान्य झाली, कारण बिछाना मऊ होता. "कणगी चांगली हाय," म्हणाल्या. मी पिशव्या लावल्या, औषधं एका कप्प्यात, काठी बिछान्याला अडकवली. त्यांचं एक औषध थंड ठेवावं लागतं आणि खोलीतला छोटा फ्रिज चालू होत नव्हता. म्हणून त्यांना बसवून मी खाली चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथं रांग होती.

परत आले तेव्हा आमच्या दारातून पाणी बाहेर येत होतं.

आत कार्पेट पचपचीत. आत्या बिछान्यावर पाय वर घेऊन शांत झोपलेल्या. बाथरूममध्ये गेले आणि काय झालं ते मला एका नजरेत कळलं, कारण मी लातूरची आहे. दुसऱ्या गावच्या माणसाला कळलं नसतं. आत्यांनी नळ सोडून बघितला होता. नळाला पाणी होतं, चांगलं जोरात. मग त्यांनी जे आम्ही सगळे करतो ते केलं. चहाची किटली भरली. दोन्ही पेले भरले. बर्फाचं भांडं भरलं. केराची बादली विसळून भरली आणि जमिनीवरच्या पाणी जायच्या जाळीवर ठेवली. मग बेसिनचं बूच लावलं. बेसिनला वरच्या बाजूला एक भोक असतं, त्यातून पाणी वाया जात होतं म्हणून तिथं हातरुमाल कोंबला. आणि नळ सोडून बिछान्यावर येऊन पडल्या.

मी नळ बंद केला आणि त्यांना उठवलं. "आत्या, नळ चालूच ठेवलात!"

त्या डोळे चोळत म्हणाल्या, "मग? बंद कशाला करायचा? जातोच की तो."

खरं आहे. आमचा नळ कुणी बंद करत नाही. तो उघडाच असतो, म्हणजे पाणी आलं की आवाजानं कळतं. आणि पाणी आपलं आपण जातं. बंद होणार नाही असा नळ आत्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

सफाईवाली दोन माणसं आली, त्यांच्या मागं एक देखरेखवाली बाई आली. तिनं किटली, बादली, बर्फाचं भांडं पाहिलं, बेसिनच्या भोकातून रुमाल ओढून काढला आणि माझ्याकडं पाहिलं. मी हिंदीत बोलायला सुरुवात करणार तोच आत्याच म्हणाल्या, "बाई, नाराज नको होना. हमारे गाव में नळ खुद जाता. यहां का गयाच नहीं."

त्या बाईला हसू आवरलं नाही. ती म्हणाली, कार्पेट वाळायला वेळ लागेल, इथं झोपता येणार नाही. सामान उचला, दुसरी खोली देते. मग तिनं हातातल्या यंत्रात बघितलं. "एकच रिकामी आहे. बाल्कनीची. काही जास्त द्यायचं नाही."

"दुसरी आतली नाही का?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. लोक तिच्याकडं रोज बाल्कनी मागायला येत असणार. बाल्कनी नको म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं असावं. "मॅडम, फुकट आहे," ती सावकाश म्हणाली, मला हिंदी कळली नसावी असं समजून.

"दोन मिनिटं द्या."

ती बाहेर गेली. आम्ही दोघी बिछान्यावर पाय वर घेऊन बसलो होतो, खाली ओलं होतं म्हणून. आत्यांनी विचारलं, "फुकट देऊन राहिली तरी नको म्हणतीस? कामून?"

आता पैशांचं कारण नव्हतं, लिफ्टचं सांगावं तर त्या बाईनं लिफ्ट त्याच बाजूला आहे असं सांगून टाकलं होतं. सांगायला एकच गोष्ट उरली होती, ती मी सांगितली. घरची खिडकी, बाज, कोपऱ्यापर्यंत न जाणं, डॉक्टर काय म्हणतात ते. बाल्कनी मिळाली तर तुम्ही तिथंच बसाल, आणि घरी गेल्यावर पुन्हा खिडकीत. म्हणून मी आतली खोली ठेवली. पैशांसाठी नाही.

रागावल्या की आत्या पदर सारखा करतात. तसा त्यांनी केला.

"म्हंजे मला बाहेर काढायला मला आत ठिवलीस व्हय?"

"हो."

"आन् माझा पोरगा? त्याला ठाव हाय हे?"

"आहे."

"सगळ्यांला ठाव हाय. मलाच न्हाई." मग म्हणाल्या, "ऐक. मी काय शेरडू न्हाई, ह्या दारातनं काढ न् त्या दारातनं घाल. बाल्कनी घे. फुकट हाय ती कशाला सोडायची? आन् मी बाहेर जाईन का न्हाई ते माझं मी बघीन. तू त्यात पडू नको."

मी पडले नाही. दार उघडून त्या बाईला हो म्हणाले. सामान नव्या खोलीत लावताना मात्र मला वाटत होतं की हे सगळं फुकट गेलं: नणंदेशी खोटं बोलले, आत्यांना दुखावलं, आणि शेवटी बाल्कनी आहेच. वर त्या आता हट्टानं बाहेर जाणार नाहीत.

संध्याकाळ तशीच गेली. आत्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या. मी जेवायला चला म्हणाले नाही. जेवण खोलीत मागवलं. ओल्या पिशव्या आणि त्यांचं लुगडं कठड्यावर वाळत घातलं. वारा छान होता. बाल्कनी चांगली आहे, हे मला मान्य करावं लागलं.

सकाळी उजाडल्यावर जाग आली. आत्या आधीच उठून बाल्कनीत उभ्या होत्या, कठड्याला धरून, मान बाहेर काढून. घरी खिडकीत काढतात तशी. आधी डावीकडं, मग उजवीकडं. समोर नुसता राखाडी समुद्र.

"सूर्य कुठंय गं?"

मी विचार केला. जहाज दक्षिणेला चाललेलं, आमची खोली उजव्या हाताला. "ही बाजू पश्चिमेची आहे, आत्या. सूर्य त्या बाजूला उगवला असेल."

"मग इथं काय येतं?"

"संध्याकाळी मावळायला येईल."

"मावळत्याला हात जोडून चहा पिऊ व्हय?"

चहाची किटली तयार होती. वास सुटला होता. मी काही बोलले नाही. आदल्या दिवशी मला ताकीद मिळाली होती. कपात चहा ओतला आणि झाकून ठेवला, एवढंच. आत्यांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हसू नको," म्हणाल्या, आणि काठी घेतली.

लिफ्टनं वर गेलो. डेकवर डाव्या बाजूला बरीच माणसं होती. खुर्च्या सगळ्या धरलेल्या. आत्या कठड्याशी उभ्या राहिल्या, सूर्याला हात जोडले. मग वळल्या तेव्हा जवळच्या खुर्चीतली एक बाई त्यांच्याकडं बघत होती. त्यांच्याच वयाची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली शाल उचलली आणि म्हणाली, "रा अम्मा, कूर्चो."

आत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तेलुगू!" मला म्हणाल्या, जणू मी आंधळी-बहिरी आहे, आणि बसल्या.

ती बाई निजामाबादकडची होती. मुलाच्या कुटुंबाबरोबर आलेली. मुलगा, सून, नातवंडं उशिरा उठायची आणि ती एकटीच वर येऊन बसायची. आत्यांचं तेलुगू लहानपणीचं, अर्धं विसरलेलं. मला त्यातलं 'नीळ्ळु' एवढंच कळत होतं, म्हणजे पाणी. दोघी पाण्यावरच बोलत होत्या. समोर एवढं पाणी आणि पिण्याजोगं थेंबभर नाही, यावर त्यांची फार लवकर मैत्री झाली. आत्यांनी हातवारे करून बेसिनची गोष्ट सांगितली. ती बाई इतकी हसली की तिनं गुडघा धरला. मी चहा वर आणून दिला आणि बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याच्या धक्क्याला लागलेलं. रेंज आली तशी मी ह्यांना फोन करून बाल्कनीचं सांगितलं. आमच्या बाल्कनीतून एक पत्र्याची शेड दिसत होती. आत्यांनी ती एकदा बघितली आणि मी उठायच्या आत तयार झाल्या. हातात एक रिकामी पाण्याची बाटली आणि आपली पिशवी.

"बाटली कशाला?"

"खुर्चीवर ठिवायला. काल ती म्हनली, तिला लिफ्टपर्यंत यायला येळ लागतो, तवर खुर्च्या जात्यात. मी लौकर जाऊन दोन धरते."

मी त्यांच्याबरोबर गेले, पण अंतर ठेवून. आत्यांनी पूर्वेच्या कठड्याजवळ दोन खुर्च्या निवडल्या. एकीवर पिशवी ठेवली, दुसरीवर बाटली, मधोमध, नीट. मग थोडं मागं सरकून बघितलं, घागर मांडल्यावर बघायच्या तसं. कानात काहीतरी घातलेला एक मनुष्य येऊन बाटली उचलून बसायला लागला. आत्या काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या.

"ओ भाऊ! नंबर हाय तो."

"जी?"

"नंबर. बाटली ठेवी है ना? आदमी आ रहा है."

तो दोन सेकंद बाटलीकडं बघत राहिला, सॉरी म्हणाला आणि दुसरीकडं गेला. पोरीबाळी, म्हातारे, शिकलेले, कुणीही असो, बाटलीला मान दिला नाही असं त्या दोन दिवसांत झालं नाही. त्या दिवशी आत्या डेकवर जेवल्यासुद्धा. किती चालल्या ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज परत मुंबईकडं निघालेलं होतं. मला जाग आली तीच उजेडानं. पडदा सरकवला आणि बघते तर सूर्य समोर, अगदी आमच्या बाल्कनीच्या दारात. जहाज वळलं होतं, आमची बाजू पूर्वेला आली होती. किनारा पुसट दिसत होता आणि त्यावर हा लालबुंद गोळा. मी पाहिलेल्या चांगल्या गोष्टींत ती एक आहे. वाढीव पैसे कशाचे मागत होते ते तेव्हा कळलं.

पण आता आत्यांना बाहेर जायचं काही कारण उरलं नव्हतं. सूर्य इथं, चहा इथं, खुर्ची इथं.

आत्या उठून बाल्कनीत आल्या. "आलास व्हय?" सूर्याला म्हणाल्या. हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मी चहा ओतला आणि कप त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच, "आज इथूनच दिसतंय सगळं."

"दिसतंय की," आत्या म्हणाल्या. उभ्याउभ्या अर्धा कप चहा घेतला. मग खोलीत आल्या, पिशवी घेतली, बाटली शोधली, ती बिछान्याखाली गेली होती, मला काढायला लावली.

"तू बस, चहा घे. कधी बसलीच न्हाईस इथं. मी नंबर लावून येते. ती उशिरा येती."

दार लागलं. काठीचा आवाज बाहेरच्या वाटेवर लिफ्टपर्यंत ऐकू आला, मग बंद झाला. मी त्यांच्या मागं गेले नाही. त्यांच्या खुर्चीत बसले आणि उरलेला चहा प्यायले.

किनारा जवळ आला तशी मोबाइलला रेंज आली, आणि लगेच अर्धापूरहून फोन.

"वहिनी! कवाची लावून राहिले मी. दादानं सांगितलं बाल्कनी मिळाली म्हणं. आई बाल्कनीत बसली का न्हाई? द्या तिला."

"बाल्कनीत मी बसलीय. आत्या बाहेर गेल्यात."

"बाहेर? कुठं? एकटी?"

"एकट्या. वर डेकवर. नंबर लावायला."

नणंद काळजीच्या स्वरात म्हणाली, "म्हंजे जहाजावर पण टँकरच हाय व्हय?"